चौथा पेला

१

नर्सिंगची पदवी हातात पडली तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरी राजधानीत, असुन्सिओनच्या मोठ्या दवाखान्यांत शिरायला धडपडत होत्या. मी मात्र गावाकडच्या एका लहानशा पथकात नाव घातलं. एक डॉक्टर, दोन नर्स आणि मागचं दार दोरीने बांधलेली एक जीप, एवढंच आमचं पथक. ज्यांच्यावर आता इलाज उरलेला नाही त्यांच्या घरी जायचं, दुखणं कमी करायचं, कूस बदलून द्यायची, ओठ ओले ठेवायचे आणि घरच्यांना धीर द्यायचा. आई म्हणाली, "एवढं शिकवलं ते माणसं वाचवायला ना गं? हे काय भलतंच काढलंस?" तिला समजावत बसायच्या भानगडीत मी पडले नाही. माझी आजी गेली तेव्हा तिच्याजवळ बसायला कुणालाच जमलं नव्हतं, सगळे स्वयंपाकघरात गर्दी करून उभे होते. ते माझ्या मनातून जात नव्हतं, म्हणून हे काम. आपल्याला तरी बसायला जमेल का, याची मलाच खात्री नव्हती.

माझी वरिष्ठ नर्स फिदेलिना. अंगाने जाड, तोंडाने फटकळ, याच कामात केस पिकलेली. तिने पहिल्या दिवशीच बजावलं, "कुणाच्या घरी गेलीस की पिशवी उघडायची घाई करायची नाही. आधी बसायचं. तेरेरे एकदा फिरू द्यायचं. लोकांना आधी माणूस दिसू दे, सुया नंतर."

तेरेरे म्हणजे आमचं पाणीच म्हणा. शिंगाच्या पेल्यात येर्बा नावाच्या झुडपाचा सुका पाला भरायचा, वरून मुळ्या ठेचून घातलेलं बर्फाचं पाणी ओतायचं, आणि एकाच धातूच्या नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. वाढायचं काम जमलेल्यांत जो धाकटा असेल त्याचं. पहिला पेला कुणाला देत नाहीत, तो संत तोमासचा. सुका पाला तो बघता बघता पिऊन टाकतो. त्यानंतर बसलेल्या क्रमाने द्यायचं, आणि कुणाची पाळी चुकवायची नाही.

माझं पहिलं घर न्या ब्लासिदाचं. वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी आम्ही मानाने न्या लावतो. वीटभट्टीच्या पलीकडे, आंब्याखाली तिचं कौलारू घर होतं. जानेवारीचा उकाडा म्हणून तिची खाट ओसरीवर आणलेली. पोटातला कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरला होता. घरात दुसरी एकच बाई, तिची लेक निमिया. पन्नाशीची, बिनलग्नाची, भट्टीवर चिपा, म्हणजे चीज घातलेले पाव, भाजून बसच्या थांब्यावर विकणारी.

"ही कोण नवी?" न्या ब्लासिदाने मला खालीवर न्याहाळलं. "शाळेतून पळून आली का?"

"पदवीवाली आहे हो, म्हणजे लिसेन आहे लिसेन," फिदेलिना म्हणाली. "जरा मानाने बोला."

"अरे वा, लिसेनबाई! मग आज बर्फाचं पाणीसुद्धा पदवीचं प्यायला मिळणार."

सगळ्यांत धाकटी मीच. पाण्याचा जग आणि पेला माझ्यापुढे आला. पाणी सांडेल या भीतीने मी पेल्यावरून नजर उचलली नाही. संत तोमासचा पेला पाल्यात मुरला, मग मी देत गेले, घेत गेले, परत भरत गेले. दुपार टळटळीत होती, कोंबड्यासुद्धा गप्प पडल्या होत्या. दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि न्या ब्लासिदा उशीवर मान टाकत म्हणाली, "हात चांगला आहे पोरीचा. कुणाला विसरत नाही."

मला एवढा आनंद झाला की विचारू नका.

२

परतीच्या वाटेवर फिदेलिना जीप चालवता चालवता काडीने दात कोरत होती.

"काय गं, ते चौथं कोण होतं?"

"कोण चौथं?"

"तुला सोडून आम्ही तीन बाया. मी, निमिया आणि न्या ब्लासिदा. तू प्रत्येक फेरीला चार पेले भरलेस. निमियानंतर खाटेशेजारच्या त्या रिकाम्या खुर्चीपुढे हात धरायचीस. म्हटलं, पोरगी घाबरलीय, चालू दे."

मी हसले, आणि मग मला हसू आवरतं घ्यावं लागलं. कारण मलाही चारच आठवत होते. चौथ्यांदा हात पुढे केला की पेला घेतला जायचा, हे मला नीट आठवत होतं. किंचित ओढ लागायची, मग हात हलका व्हायचा. थोड्या वेळाने पेला परत यायचा, रिकामा. हात कुणाचा होता ते काही मी बघितलं नव्हतं. वाढणाऱ्याची नजर पाण्यावर असते, माणसांवर नसते.

"मग तो पेला घेत कोण होतं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी त्या बाईच्या श्वासाकडे बघत होते. तुझ्या पेल्याकडे बघायला मला पगार देतात का?"

तिने काडी खिडकीबाहेर फेकली. ती म्हणाली, "हे बघ, पहिल्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. मी माझ्या पहिल्या दिवशी पेशंटचं सोडून त्याच्या मेव्हण्याचं ब्लडप्रेशर घेऊन आले होते. वर त्याला औषधही सांगितलं."

आता मात्र मी मनापासून हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. निमियानेच दोनदा घेतलं असणार, दुसरं काय. तरी घर येईपर्यंत मी उजवा तळवा मांडीवर उघडा टाकून त्याच्याकडे बघत होते.

३

पुढच्या वेळी मला एकटीला जावं लागलं. फिदेलिना दुसऱ्या घरी अडकली होती.

न्या ब्लासिदा दात आवळून पडली होती. कपाळावर घाम, मुठीत चादरीचं टोक. मॉर्फिनची बाटली उशाशी होती आणि तिच्यातलं औषध जेमतेम कमी झालेलं. मी मापाने भरून तिच्या ओठांशी नेलं, तर तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"न्या ब्लासिदा, याने बरं वाटेल हो."

"ते माहीत आहे. पण याने झोप येते."

"येऊ दे की झोप. किती रात्री जागल्यात तुम्ही!"

"मी झोपले तर त्याची पाळी कोण देणार?" असं म्हणून तिने हनुवटीने खुर्चीकडे खूण केली.

आमच्याकडे घरोघर असते तशीच ती खुर्ची. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लास्टिकच्या हिरव्या दोऱ्या ताणून गुंडाळलेल्या. माणूस बसला की दोऱ्या करकरतात, उठला की पुन्हा ताठ होतात. या खुर्चीच्या दोऱ्या मागच्या बाजूने नव्यासारख्या होत्या. पुढच्या काठापाशी तेवढ्या चार-पाच सैल पडून लोंबत होत्या.

"पुन्हा सुरू झालं तिचं!" आतून निमियाचा आवाज आला. मी हात धुवायला आत गेले तर ती पीठ मळता मळता फणफणत होती. "माझ्या बापासाठी चाललंय ते सगळं. मी पोटात असताना नदीपलीकडे कामाला म्हणून गेला, तो गेलाच. जन्मभर मी बघतेय, पेला भरायचा आणि त्याच्या नावाने खुर्चीपुढे धरायचा. मी भट्टीवर हात भाजून हिला पोसलं. आणि मान कुणाला? रिकाम्या खुर्चीला!"

मी बाहेर येऊन वाढायला बसले. निमिया आली नाही, म्हणजे उरलो मी, न्या ब्लासिदा आणि ती खुर्ची. या वेळी डोळे उघडे ठेवायचे असं मी ठरवलं होतं. भरलेला पेला खुर्चीपुढे धरला आणि टक लावून बघत राहिले. काही झालं नाही. ओढ नाही, की काही नाही. आपण किती वेडेपणा करतोय असं वाटून मी पेला खुर्चीच्या बैठकीवर नुसता टेकवून ठेवला.

तेवढ्यात न्या ब्लासिदा कण्हली. तिची उशी सरकली होती, ती मी दोन्ही हातांनी नीट करू लागले. आणि माझ्या पाठीमागे तो आवाज झाला. पेल्यातलं पाणी संपलं की नळी शेवटी जो करते तो, खुर्रर्र.

माझे दोन्ही हात उशीखाली होते. न्या ब्लासिदाचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर मिटलेले होते. आत निमिया कणीक आपटत होती. मी वळून पाहिलं. पेला ठेवला तिथेच होता, रिकामा.

"गार असलं की असं एका दमात संपतं," न्या ब्लासिदा म्हणाली. दुखण्याने तोंड वेडंवाकडं झालं होतं, तरी तिच्या आवाजात कौतुक होतं.

४

घरी जाऊन मी सरळ प्रयोग करायला बसले. आमच्या ओसरीवरच्या तसल्याच खुर्चीवर पेला ठेवला, भरला आणि बघत राहिले. सुका पाला पाणी पितो, कबूल. पण एकदा भिजला की तो काही पीत नाही. वाऱ्याने नळी वाजते का, ते पाहिलं. पेल्याला तडा असेल म्हणून भरलेला पेला कागदावर ठेवून पाहिला. कागद कोरडाच राहिला, आणि तो पेला तरी कुठे न्या ब्लासिदाचा होता?

आई दारात उभी राहून बघत होती. "नोकरीला लागलीस की डोकं फिरलं तुझं?"

फिदेलिनाला सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं. ती हसली नाही.

"शेवटी शेवटी सगळ्यांकडे कुणीतरी येतं," ती म्हणाली. "कुणाची आई, कुणाचा नवरा. एकाकडे तर त्याचं कुत्रं यायचं. आपण हाकलायचं नाही, वादही घालायचा नाही. एवढंच विचारायचं, सोबत बरी वाटते का?"

"पण त्यांना दिसतं ते वेगळं ना? हे मला ऐकू आलंय."

"मग तूही स्वतःला तेच विचार." तिने पिशवीचा बंद आवळला. "तुला काय ऐकू आलं ते मला ठाऊक नाही झुनिल्दा, आणि त्याची मला पडलेलीही नाही. मला पडलीय ती त्या बाईच्या पाठीची. तिला औषध घ्यायला लावायचं, हे तुझं काम. आणि खोटं बोलून नाही हं! 'मी देत जाईन जन्मभर त्याची पाळी' असलं काही कबूल करून आलीस तर माझ्याशी गाठ आहे. माणूस असेपर्यंत आपण त्या घरी जातो. त्यानंतर त्या घरात आपलं काही नसतं."

पण न्या ब्लासिदाला नेमकं तसंच वचन हवं होतं.

५

पुढच्या खेपेला ओसरीवर खुर्ची नव्हती.

निमिया हाताची घडी घालून दारात उभी होती. रात्रभर जागून डोळे लाल झालेले. "टाकली परसात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे. बसू दे उन्हात! एवढी वर्षं फिरकला नाही, आणि आता हिला न्यायला टपून बसलाय. नाही मिळायची त्याला." तिचा आवाज चिरकला. "मला दुसरं कोण आहे हो? नाही मिळायची म्हणजे नाही."

तिच्यावर रागवायचं मी ठरवून आले होते, पण ते ऐकून मला तिची कीवच आली. तोवर खाटेवर न्या ब्लासिदा तडफडत होती. औषध तोंडात घातलं की बाहेर थुंकत होती, आणि सारखं एकच बोलत होती, "ऊन लागतंय त्याला. अगं, ऊन लागतंय."

मी परसात गेले. उन्हाने लाल माती पांढुरकी दिसत होती. कोंबड्या कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. खुराड्यामागे जरा सावली होती, तिथे एकही फिरकत नव्हती. त्या सावलीच्या पलीकडे खुर्ची उघड्यावर, भर उन्हात होती.

लोखंड पोळेल म्हणून मी हाताला एप्रन गुंडाळला आणि खुर्ची उचलली. उचलली आणि लगेच परत खाली ठेवली. ती जड होती. फार नाही, आईच्या पिठाच्या लहान पोत्याएवढी. असली खुर्ची मी घरी झाडताना एका हाताने बाजूला करते. दोऱ्यांत पाणी साचलं असेल, मी स्वतःला सांगितलं. पाऊस तर कित्येक दिवसांत पडला नव्हता. मग लोखंडच जाड असेल. मी बैठकीकडे बघितलं. पुढच्या काठापाशीच्या त्या चार-पाच दोऱ्या आता लोंबत नव्हत्या, खाली ताणल्या गेल्या होत्या.

खुर्ची तिथेच टाकून पळावं असं अगदी मनापासून वाटलं. पण ओसरीवरून न्या ब्लासिदाचा आवाज येतच होता. मी पुन्हा वाकले. खुर्ची तिरकी करून काखेत मारली असती तर सोपं गेलं असतं. मी ती दोन्ही हातांनी सरळ धरली, आतलं काही सांडू नये तशी, आणि चालू लागले.

अंगण निम्मं ओलांडलं असेल नसेल, खुर्चीतलं ते वजन सरकलं आणि माझ्या छातीकडे कललं.

हातातलं माणूस काही झालं तरी सोडायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी सोडलं नाही. घामाने डोळे चुरचुरत होते आणि मी पुटपुटत होते, "आलंच हं, आलंच आता." कुणाला म्हणत होते कोण जाणे.

खाटेला लागून खुर्ची ठेवली तशी दोऱ्या करकरल्या आणि ताठ झाल्या. मी पुन्हा उचलून बघितली. पिसासारखी हलकी होती. न्या ब्लासिदाने अंग जरा आत सरकवून खाटेच्या काठाशी थोडी जागा केली होती.

"किती तापलंय अंग तुझं," ती शेजारच्या रिकाम्या चादरीला म्हणाली.

६

माझी भीती अजून उतरली नव्हती, पण मला एक समजलं होतं. ती सोबत वाईट नव्हती. मी खाटेशी बसले.

"न्या ब्लासिदा, आता औषध घ्या. तुम्ही झोपलात की त्याची पाळी मी देईन."

"आज देशील."

"आज देईन. उद्या येईन तेव्हाही देईन."

"आणि मी गेल्यावर?"

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. ती एवढी थकली होती की तिने विश्वासही ठेवला असता. "तुम्ही गेल्यावर मी येणार नाही," मी म्हणाले. "तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असेन. खोटं सांगून तुम्हाला औषध देणार नाही मी."

न्या ब्लासिदाने मान हलवली. तिला राग आला नाही. तिने फक्त ओठ मिटून घेतले आणि पुढची कळ येण्याची वाट बघत पडून राहिली. मला रडू फुटलं. नर्सने पेशंटपुढे रडू नये म्हणतात, पण फुटलं खरं.

"द्या इकडे तो जग!" निमिया दारातून तरातरा आली. "म्हणजे त्याच्यापायी आता तू तडफडून मरणार का? देते मी. रोज देईन, मरेपर्यंत देईन, झालं समाधान?" तिने धसमुसळेपणाने पेला भरला, निम्मं पाणी जमिनीवर सांडलं आणि पेला खुर्चीपुढे खुपसला. "घे बाबा, ढोस!"

न्या ब्लासिदाने डोळे उघडले. "बाबा?"

आणि ती हसायला लागली. हसताना कळ येत होती तरी हसत होती. "त्या मेल्यासाठी? अगं, तो गेला त्या दिवशी मी कोंबडी कापून शेजारणींना जेवायला घातली होती!"

निमियाचा हात तसाच पुढे राहिला. "मग कोण?"

म्हातारीचे ओठ हलले. पण ते शब्द त्या घरात कधी कुणी उच्चारलेच नव्हते, आणि आता तिला ते काही केल्या सापडत नव्हते. तिने लेकीकडे बघितलं, तिच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे तोंड वळवलं आणि ते उघडलं.

मी औषध घातलं. तिने एक थेंबही बाहेर येऊ दिला नाही.

थोड्या वेळाने तिचा जबडा सुटला, मग खांदे, मग मुठी. झोपेत ती वेगळीच बाई दिसत होती, खट्याळ आणि गोल चेहऱ्याची. निमिया किती तरी वेळ बघत उभी राहिली. "ही अशी दिसते, हे मी विसरूनच गेले होते," ती म्हणाली आणि तोंडात एप्रन कोंबून रडली.

७

त्यानंतर न्या ब्लासिदा शेवटपर्यंत औषध घेत राहिली. निमिया वाढायची. चेहरा वाकडा करून, पण न चुकता. पेला रिकामा होतो का, हे ती बघत नसे, आणि मीही तो विषय काढत नसे.

शेवट आला तो अशाच एका टळटळीत दुपारी. श्वास थांबून थांबून यायला लागला, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली. फिदेलिनाने मला ही लक्षणं इतक्यांदा सांगितली होती की मी ती घडाघडा म्हणून दाखवली असती. प्रत्यक्षात समोर आली तेव्हा मात्र पहिला विचार आला तो स्वयंपाकघरात पळायचा. मी पळाले नाही. तिथेच बसले. थंड पाण्यात बुडवलेल्या कापसाने तिचे ओठ टिपत राहिले.

निमिया जगावर वाकून पेला भरत होती. न्या ब्लासिदाचा हात खाटेवरून खुर्चीच्या बाजूला लोंबत होता. तो आत घ्यावा म्हणून मी बघितलं, आणि घेतला नाही.

चार बोटं सैल लोंबत होती. पाचवं, अंगठ्याशेजारचं बोट, सरळ होतं. त्याच्या मधल्या पेराभोवती कातडी आत दबली होती. पांढरे, बारीक दाब, एकाशेजारी एक. मी बघत असताना ते बोट किंचित खाली ओढलं गेलं, घाई करावी तसं, मग पुन्हा.

श्वास आला, गेला, आणि मग आला नाही. मी नाडी धरून थांबले. बोटावरचे दाब तेवढा वेळ तसेच होते. मग ते हळूहळू भरून आले.

निमियाने वर बघितलं. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी सुट्टी काढून गेले. ओसरीवर शेजारणी जमत होत्या. निमिया आत टेबलाशी बसून आईच्या थडग्यावरच्या क्रुसावर पांघरायचं पांढरं कापड शिवत होती. मला बघून तिने दार लोटून घेतलं.

"मी त्या वेळी पाण्याकडे बघत होते," ती म्हणाली. "तू आईकडे बघत होतीस. काय बघितलंस ते सांग. तू खोटं सांगत नाहीस, हे मी ऐकलंय माझ्या कानांनी."

"कुणीतरी तिचं बोट धरलं होतं," मी म्हणाले.

"बोट? हात का नाही?"

"त्या मुठीत तेवढंच मावत होतं."

तिची सुई थांबली. "केवढी मूठ?"

मी माझी तर्जनी आणि अंगठा जुळवून दाखवले. निमिया त्या एवढ्याशा गोलाकडे बघत राहिली. बाहेर बायकांनी प्रार्थना सुरू केली, तिला हाका आल्या, तरी ती उठली नाही.

"मी एकुलती नव्हते. माझ्याआधी एक होतं," ती अखेर म्हणाली. "आणि मी तिथे उभी राहून जन्मभर बापाला शिव्या घातल्या. ते बसून ऐकत असेल गं सगळं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. डोळे पुसून तिने आईच्या कापडाची एक पट्टी कात्रीने कापून घेतली. हातभर लांबीची, झालर न लावलेली. मी टोक धरलं, तिने दुमडून कड शिवली.

"मुलगा की मुलगी, ते तरी कळलं का?"

"नाही."

"यावर नाव भरतात. मला तर नावही माहीत नाही."

तिने निळा दोरा ओवला, सुई हातात धरून जरा विचार केला, आणि खाली मान घालून एक एक अक्षर भरत गेली. शेवटचा टाका घालून तिने कापड माझ्याकडे वळवलं, नीट वाचता येतंय का विचारायला. त्यावर लिहिलं होतं, निमियाचं थोरलं.